मुंगीचं दप्तर आणि माझी अकरा खोकी

ती. सौ. वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त बसल्या जागेवरूनच केला आहे, साष्टांग समजून घ्यावा.) तुमची बोटं कशी आहेत? सकाळी मूठ वळते का? दादाने दाढ काढून घेतली, की अजूनही दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन "आज फार गर्दी आहे" म्हणत माघारी येतो? मी विचारत होतो म्हणून सांगा. मला त्याच्या दाढेची खरंच काळजी वाटते, आणि तुमची त्याहून जास्त, कारण दाढ दुखते त्याची आणि ऐकून घ्यावं लागतं तुम्हाला.

पत्रास कारण की, खास कारण काही नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तिसऱ्या वाक्याला तुम्ही "भाऊजी, जेवलात का?" असं विचारता, मी "हो" म्हणतो, आणि मग पुढे काही सुचतच नाही. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, हा मोठाच फायदा आहे. शिवाय आमच्या गोदामात कागदाला तोटा नाही. (हा कागद काचेच्या बरण्यांच्या मधे घालायचा आहे, म्हणून शाई जरा पसरते. अश्रू समजू नयेत.)

तर आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भाऊजींचं नेहमीसारखं गुऱ्हाळ चालू झालं. मुंगीच्या आईला पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी जायचंय, ते नेमकं मुंगीच्या शाळेच्या सुट्टीत. आम्ही वेगळे झालो त्याला आठ महिने झाले, आणि या आठ महिन्यांत मुंगी माझ्याकडे दर रविवारी दोन ते पाच असते. राहायला अशी एकदाही नाही. मी म्हटलं, आठवडाभर माझ्याकडे ठेव. ती नाही म्हणाली नाही. (तिच्याबद्दल तुम्हाला जे वाटतं ते वाटू द्या, पण ती अन्यायाने वागत नाही, हे मी लेखी देतो.) ती म्हणाली, मुंगीला विचारू. राहते म्हणाली तर तुझ्याकडे, नाही म्हणाली तर आजीकडे. म्हणजे माझं सगळं आता एका पाच वर्षांच्या मुलीच्या हातात आहे, जिला आपल्याला मटार आवडतात की नाही हेही अजून ठरवता आलेलं नाही. गुरुवारी तिला विचारणार आहेत. आज मंगळवार. वहिनी, तिने हो म्हणावं असं मला इतकं वाटतंय, की काल कामावर एका खोक्यात माल न घालताच मी ते बंद केलं.

आता तीन तासांत लेकीला आपल्याकडे ओढून कसं घ्यायचं? पहिले काही महिने मी तिला बागेत नेत असे. पण बागेत ती झोपाळ्यावरच्या मुलींमध्ये जाते आणि मी बाकावर तिचा स्वेटर सांभाळत बसतो. स्वेटर काय, घरीही सांभाळता येतो. मग वाचनालयातून एक पुस्तक आणलं, लहान मुलांबरोबर घरच्या घरी करायच्या सोप्या वस्तूंचं. कागदाच्या ताटलीचा सिंह, फुग्यावरचा मुखवटा, बटाट्याचे ठसे, मोज्यांच्या बाहुल्या. प्रत्येक पानावर वर लिहिलेलं असतं, "वेळ : पंधरा मिनिटं". हे लिहिणाऱ्या बाई मला एकदा भेटायला हव्यात. त्यांना काही म्हणणार नाही, फक्त त्यांचं घड्याळ बघणार आहे.

सिंहापासून सुरुवात केली. पुस्तकात लिहिलंय की ताटलीला पिवळा रंग द्या, कडेने लोकर चिकटवा, डोळे काढा, झालं. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. एकोणीस वर्षं पॅकिंगमध्ये काढलेल्या माणसाला "कडेने लोकर चिकटवा" एवढं सांगून भागत नाही. किती अंतरावर? किती लांबीची? मी बुधवारपासून तयारीला लागलो. लोकरीचे साठ तुकडे पट्टीने मोजून एकसारखे कापले, ताटलीवर पेन्सिलने साठ खुणा केल्या, कान पाच पदरी पुठ्ठ्याचे केले, म्हणजे वाकायला नकोत. रविवारी मुंगी आली तेव्हा तिला करायला उरलं होतं ते एक नाक. ते तिने चिकटवलं. मग म्हणाली, "बाबा, याचं सगळं झालंय." आणि उरलेले अडीच तास आम्ही दोघं त्या सिंहाकडे बघत बसलो. त्याने आमच्याकडे पाहिलं. हसला नाही.

पण खरी फजिती पुढे आहे. मुंगी माझ्याकडे केलेली एकूण एक गोष्ट घरी घेऊन जाते. (म्हणून तर मुंगी. साखरेचा दाणा असो की पुठ्ठ्याचा तुकडा, उचलून बिळाकडे.) सिंह बसमधून जाणार म्हणजे धक्के बसणार. माझ्यातला पॅकर जागा झाला. सिंहाला पातळ कागद, त्यावर बबल रॅपचे तीन वेढे, आतलं खोकं, बाहेरचं खोकं, कोपऱ्यांना टोप्या, टेप, आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळून क्लिप. संध्याकाळी मुंगीच्या आईचा फोन. आधी कात्रीने झालं नाही, मग सुरीने झालं नाही, मग शेजारच्या प्लंबरला बोलावलं, त्याने त्याच्या पद्धतीने उघडलं आणि सिंहाचा एक कान आणि अठरा केस गेले. हे ती सांगत असताना मागून मुंगीचा आवाज आला की सिंह आत गुदमरला असेल. मी इतका ओशाळलो की "पाच पदरी होतं, प्लंबरने मधून कापायला नको होतं" असं काहीतरी बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, निदान हसायला तरी हवं होतं. पूर्वी आम्ही दोघं अशा गोष्टींवर पोट धरून हसत असू.

दुसऱ्या रविवारचा मुखवटा थोडक्यात आटोपतो, कारण त्याची आठवण काढली तरी हाताला चिकट लागतं. मैद्याची खळ करायला ठेवली आणि पुस्तकातलं पुढचं पान वाचत उभा राहिलो. खळ उतू जाऊन शेगडीत उतरली, शेगडी विझली. उरलेल्या खळीत कागदाच्या पट्ट्या बुडवून फुग्यावर लावायच्या आणि दिवसभर वाळू द्यायचं. दिवसभर! मुंगीकडे असतो पाच वाजेपर्यंतचा वेळ. मी म्हटलं, "राहू दे इथे, पुढच्या रविवारी रंगवू." तर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी मुकाट्याने ओला मुखवटा वर्तमानपत्रात धरून तिच्या दारापर्यंत पोचवायला गेलो. बसमध्ये फुगा फुटला. आता तो मुखवटा वाळून टणक झालाय म्हणे, आणि हुबेहूब दादासारखा दिसतो, दाढ दुखत असतानाच्या. (हे त्याला वाचून दाखवलंत तरी चालेल.)

मधल्या दिवसांबद्दल काय लिहू? सकाळी सात ते चार गोदाम, मग बस, मग घर. आमचे मुकादम भले गृहस्थ आहेत, पण त्यांचं बोलणं "हे आजच जायला हवं" यापलीकडे जात नाही. घरी आल्यावर मी पुढच्या रविवारचा सराव करतो. सोमवारी कागद कापतो, मंगळवारी चिकटवतो. बुधवारी मोठ्याने म्हणतो, "आता इथे दुमड बरं का," आणि मग लक्षात येतं की खोलीत कुणी नाही. हसू नका. पन्नाशीला टेकलेला माणूस खोक्यावर बसून एकटाच कागदाचा बेडूक करतोय आणि तो उडी मारतो का हे बघतोय, हे चित्र मलाही बाहेरून दिसतं. बेडूक उडी मारतो, पण बघायला कुणीच नसतं. फार एकटं वाटतं, वहिनी. दुसऱ्या कुणाला सांगत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. आता पुढचं वाचा.

तिसऱ्या रविवारी ठसे. बटाटा अर्धा कापायचा, त्यावर फूल किंवा मासा कोरायचा, रंगात बुडवून कागदावर उमटवायचा. मला फूल येत नाही, मासाही येत नाही. मला हाताला येतात त्या तीनच आकृत्या : नाजूक मालाचा पेला, पाण्यापासून जपायची छत्री, आणि वरची बाजू दाखवणारा बाण. त्याच कोरल्या. मुंगीला अक्षरं अजून येत नाहीत, पण या तीन खुणा तिने एका दमात पाठ केल्या आणि मग सुटलीच. कागद संपले तेव्हा भिंतीवर छत्र्या. बटाट्यांच्या टोपलीवर पेला. माझ्या हातावर पेला. मी वाकून सांडलेला रंग पुसत होतो तेव्हा माझ्या पाठीवर काय झालं ते मला कळलं नाही. सोमवारी तोच सदरा घालून कामाला गेलो. (दुसरे सदरे आहेत. कुठे आहेत ते सांगतो.) वाकलेल्या माणसावर मारलेला बाण उभ्या माणसावर उलटा दिसतो. मुकादम दुपारी सगळ्यांसमोर म्हणाले, "याला कुणी सरळ ठेवलंय? बाण बघा, डोकं खाली हवं याचं." त्या दिवशी गोदामात दोन वेळा मला उचलायचा प्रयत्न झाला.

आता दप्तराबद्दल सांगायला हवं. मुंगी माझ्याकडे आली की पाठीवरचं छोटं दप्तर काढत नाही. त्यात पाण्याची बाटली, एक रुमाल आणि कान तुटलेला कापडी ससा, एवढंच. सिंहाला नाक लावताना दप्तर पाठीवर. खळीत कोपरापर्यंत हात, दप्तर पाठीवर. मी दोन-तीनदा म्हटलं, काढ की गं, तर "असू दे" म्हणते. आणि पाचाला दहा कमी असतानाच दारात जाऊन उभी राहते. मी काय समजलो असेन सांगा. मी समजलो की पोरगी घटका मोजतेय. इथे तिचं मन रमत नाही. म्हणून मी पुढच्या रविवारी आणखी अवघड वस्तू निवडायचो, आणखी तयारी करायचो. तिला करायला आणखी कमी उरायचं. मला वाटत होतं मी तिला जिंकतोय.

परवाच्या रविवारी मोज्यांच्या बाहुल्या होत्या. पुस्तकात "घरातले जुने मोजे घ्या" असं सहज लिहिलंय. माझे बाहेर तीनच जोड. बाकीचे खोकं क्रमांक सातमध्ये. मी या घरात आलो तेव्हा अकरा खोकी घेऊन आलो. एका दुपारीत भरली होती मी ती, गोदामात कुणी पाहिली असती तर पाठ थोपटली असती. पाच पदरी, दुहेरी टेप, प्रत्येकावर क्रमांक आणि आत काय ते : "स्वयंपाकघर, नाजूक", "पुस्तकं", "कपडे, घाई नाही". त्यातलं एकही मी आठ महिन्यांत उघडलेलं नाही. दोन ताटल्या, एक पातेलं, दोन सदरे बाहेर, त्यावर चाललंय. "पुस्तकं"वर मी बसतो. "नाजूक"वर बसत नाही, हात ठेवतो. आमच्या धंद्यात माल मुक्कामाला पोचल्याशिवाय खोकं उघडत नाहीत. मध्येच उघडलेलं पुन्हा पहिल्यासारखं बंद होत नाही, आणि तुटलं-फुटलं तर जबाबदारी उघडणाऱ्यावर. आणि मुक्काम कोणता, ते तुम्हाला माहीत आहे. दादाने पहिल्याच आठवड्यात फोन करून सांगितलं होतं की माडीवरची खोली रिकामी आहे, ये निघून. मी म्हटलं, येतो पुढच्या महिन्यात. दर महिन्याला म्हणतो. म्हणून खोकी बंद.

असो. दोन जोडांतला एकेक मोजा बळी दिला, तिसरा जोड धुवायला टाकलेला. (काल एका पायात राखाडी आणि एका पायात अंगठा बाहेर आलेला निळा घालून गेलो होतो.) माझ्या मोज्याची झाली सुसर. मुंगीने तिच्या मोज्याला लोकरीचा अंबाडा लावला आणि म्हणाली ही एक म्हातारी आहे. यावेळी मी सराव करून ठेवला नव्हता, कारण सरावाला मोजा नव्हता. त्यामुळे सगळं तिनेच केलं. डोळे एक वर एक खाली लागले आणि म्हातारी एकदम जिवंत झाली. मग म्हातारी आणि सुसर बोलायला लागल्या. म्हातारीने सुसरीला विचारलं, काय खाता, दात कुठे घासता, वगैरे. आणि मग, त्याच आवाजात, "सुसरबाई, तुमचे बाबा कधी जाणार आहेत?"

सुसर म्हणाली, कुठे जाणार? म्हातारी म्हणाली, ते कुठे जातात ते सांगत नाहीत, पण खोकी भरली की बाबा जातात. मागच्या वेळी पण आधी खोकी भरली आणि मग गेले. मग म्हातारीने आवाज खाली आणला आणि गुपित सांगितलं. मुंगी दप्तर काढत नाही, कारण बाबा एकदम निघाले तर मुंगीला पटकन घरी जाता आलं पाहिजे, नाहीतर ती इथे एकटीच राहील. आणि केलेल्या वस्तू ती इथे ठेवत नाही, कारण इथे ठेवल्या तर त्या पण खोक्यात जातील.

सुसरीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मुंगीची नजर सुसरीवर, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. आणि वहिनी, मला सगळ्यात काय लागलं सांगू? तिचं काही चुकलेलं नव्हतं. मी खरंच जाणार होतो. पोरीला अक्षर वाचता येत नाही आणि तिने अकरा खोकी बरोबर वाचली होती, आणि मी वाचनालयाचं पुस्तक घेऊन तिला कंटाळा का येतो ते शोधत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सुसर हातातून काढून मी तिनेच डोळे पुसले. मोज्याचा तेवढा एक उपयोग पुस्तकात दिलेला नाही.

मी कटर आणला आणि "स्वयंपाकघर, नाजूक"समोर बसलो. मुंगी जवळ आली, आधी बाण वर आहे का ते तपासलं आणि मग मान हलवून परवानगी दिली. टेप कापली. पाच पदरी पुठ्ठा फाडताना मेलेल्यालाही जाग येईल असा आवाज होतो. तिसऱ्या खोक्याला खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई वर आल्या. एरवी त्या झाडूने छत ठोकतात, यावेळी स्वतः आल्या, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद. "निघालात का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, राहतोय." बाईंचा चेहरा असा पडला की मला त्यांची दया आली. पण हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो होतो, आणि ते ऐकायला मुंगी शेजारी उभी होती, त्यामुळे बाईंचे उपकार आहेत.

रिकाम्या खोक्यांचं काय करायचं हे पुस्तकात बघायला गेलो, तर मुंगीने पुस्तक बंद करून त्यावर पातेलं ठेवलं. घर करायचं, म्हणाली. मी पट्टी शोधत होतो तोवर तिने पेन्सिलने दार आखलंसुद्धा. माप ना धड उंचीचं ना रुंदीचं, कोपरा गेलेला. सांगणार होतो की भार कुठे येतो बघ, पण जिभेवर ताबा ठेवला. तिने आखलं तसं कापलं. दार इतकं अरुंद झालं की आत मागे मागे सरकतच जावं लागतं, आणि दप्तर पाठीवर असेल तर जाताच येत नाही. तिने दोनदा प्रयत्न केला. मग दप्तर काढलं, माझ्या हातात दिलं आणि आत गेली. यातून फार अर्थ काढू नका. तो मी रविवारपासून काढतोच आहे.

पाच वाजता घर बसमध्ये मावेना, म्हणून राहिलं इथेच. मी पॅक करून देऊ का असं विचारलं नाही. एवढी अक्कल आली आहे.

आता नऊ खोकी उघडली. सामान बाहेर आलं की घर भरेल असं वाटलं होतं. उलट कपाट नाही, त्यामुळे पातेली जमिनीवर ओळीने बसली आहेत, आणि सहा वाट्या, सहा चमचे, सहा पेले समोर मांडले की आपण एकटे आहोत हे जास्तच कळतं. पण कळू दे. मुंगीला आठ महिने जे कळत होतं ते मलाही कळायला हवं.

इथे थांबतो. दादाला नमस्कार, दाढेला लवकर आराम पडो. तुम्हीही बोटं जपा, थंड पाण्यात हात घालू नका. तुमचाच, सध्या "पुस्तकं"वरून उठून मुलीच्या घराला टेकून बसलेला,

भाऊजी

ता. क. घरात जुनी बटणं असतील तर पाठवा. मुंगीला घराला कड्या लावायच्या आहेत. लोकरही संपली आहे. (साठ तुकडे केले तिथेच निम्मी गेली.)

ता. क. २. वरचं सगळं लिहिलं ते बटणांसाठी नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. माडीवरच्या खोलीचं दादाला तुम्हीच सांगा. मी येत नाही. पुढच्या महिन्यातही नाही. त्याने खोलीला रंग दिला, तुम्ही पडदे शिवले, हे मला माहीत आहे, आणि मी दर महिन्याला तुम्हाला आशेवर ठेवलं याबद्दल तुमचे पाय धरतो. त्याच्याशी बोलायला माझी जीभ उचलत नाही. तो "बरं" म्हणेल आणि दिवसभर कुणाशी बोलणार नाही, हे तुम्हाला सांभाळून घ्यावं लागेल. खोली भाड्याने द्या, नाहीतर तुमचं शिवणाचं मशीन वर न्या. मला फक्त कुणीतरी बोलवलंय, एवढं माहीत असणं पुरत होतं. ते पुढेही पुरेल.

ता. क. ३. पाकीट बंद केलं नव्हतं ते बरं झालं. आज गुरुवार, संध्याकाळ. मुंगीच्या आईचा फोन आला. मुंगी हो म्हणाली. सातही दिवस. मी उभा होतो तो खाली बसलो. (कंबर! विसरलो होतो.) मग तिच्या आईला विचारलं, काय म्हणाली नेमकं? ती म्हणाली, सांगू का? मी म्हटलं, सांग. मुंगीने कारण दिलं ते असं : "आजीकडे मावशी आहे, मांजर आहे, टीव्ही आहे. बाबाकडे कुणीच नाहीये. मी नाही गेले तर तो कुणाशी बोलेल?"

मी फोनवर "बरं" एवढंच म्हणू शकलो. दादाचाच भाऊ मी. वहिनी, ती येते याचा मला किती आनंद झालाय ते लिहिता येत नाही, पण पाच वर्षांच्या पोरीने यासाठी यायचं नसतं. तेव्हा खरं मागणं हे आहे. तुम्ही तीन मुलं वाढवलीत. सात दिवस पुरेल असं काहीतरी सुचवा, कागदाचं, कापडाचं, मातीचं, कशाचंही, वाटेल तेवढा पसारा झाला तरी चालेल. फक्त असं, की ते करताना तिला मध्येच माझ्याकडे बघून मी बरा आहे ना, हे तपासावं लागू नये.